सीडलेस द्राक्ष, भावाची कपाशी आणि आईचं इन्सुलिन

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार दादांनी विचारलं आहे: "मुलगी बारावी झाली, बायोटेक्नॉलॉजी घ्यायचं म्हणते. तिचे काका म्हणतात, जनुकं बदलायचं हे शास्त्र निसर्गाविरुद्ध आहे, त्यात पडू नकोस. आमच्या सीडलेस द्राक्षातही असलंच काही केलेलं असतं का? माझी आई रोज इन्सुलिन घेते, तेही यातूनच येतं म्हणतात. मग ते चालतं आणि बीटी वांगं चालत नाही, हे कसं?"

दादा, मी आधी बरीच वर्षं टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि आता नाशिकला कॉलेजात हाच विषय शिकवते. तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. पण आधी द्राक्षाचं सांगते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे: नाही. तुमच्या बागेतलं थॉमसन असो, सोनाका असो की तास-ए-गणेश, यातलं काहीही जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेलं, नाही. बिनबियांचं द्राक्ष हा निसर्गात आपोआप झालेला बदल आहे. मण्यात फलन होतं, बी धरायला सुरुवात होते आणि मग ते मध्येच वाढायचं थांबतं. सावकाश चावून बघा, कधीकधी पांढरट मऊ कण जिभेला लागतो. ते अर्धवट राहिलेलं बी. माणसाला हा मणी आवडला, त्याने काड्या घेतल्या, कलमं केली आणि तीच वेल जगभर गेली. सोनाका आणि तास-ए-गणेश ही थॉमसनचीच पोटची. कुणा शेतकऱ्याच्या नजरेला एखाद्या फांदीवर वेगळे, लांबट मणी दिसले आणि त्याने ती फांदी वेगळी वाढवली. डॉगरिजवर कलम बांधता तेव्हाही खालचा खुंट आणि वरची काडी यांची जनुकं एकमेकांत मिसळत नाहीत. जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात घड बुडवला की मणी फुगतो, पण ते बाहेरून दिलेलं संजीवक आहे, डीएनएला त्याचा हात लागत नाही.

आता डीएनए म्हणजे काय ते. प्रथम वर्षाच्या मुलांचं पहिलं प्रॅक्टिकल मी कांद्यावर घेते. लासलगावचा साधा कांदा बारीक चिरायचा, मीठ आणि भांडी घासायचं लिक्विड घातलेल्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवायचा आणि मलमलच्या कापडातून गाळायचा. त्या गढूळ पाण्यावर परीक्षानळीच्या कडेने अगदी हळू बर्फासारखं थंड अल्कोहोल सोडायचं. पाच-सात मिनिटांत दोन थरांच्या मध्ये पांढरा ढग जमतो, मग त्याचे धागे होतात. काचेच्या कांडीवर ते गुंडाळून वर काढले की भेंडीच्या तारेसारखे लोंबतात. दरवर्षी कुणीतरी विचारतं, "मॅडम, हेच का ते?" हो, हेच ते. बराचसा डीएनए आणि त्याला चिकटून आलेली थोडीफार प्रथिनं.

त्या धाग्यावर चारच अक्षरं असतात: ए, टी, जी आणि सी. माणसाच्या एका संचात ती सुमारे ३०० कोटी आहेत, कांद्याच्या संचात सुमारे १,६०० कोटी, म्हणजे आपल्या पाचपटीहून जास्त. अक्षरं जास्त म्हणून कांदा शहाणा ठरत नाही. त्या लांबलचक मजकुरात मधेमधे कामाची वाक्यं आहेत, माणसात अशी सुमारे २०,०००. असं एक वाक्य म्हणजे एक जनुक, आणि बहुतेक जनुकांत एखादं प्रथिन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं. सगळं शास्त्र ज्यावर उभं आहे ती गोष्ट अशी, की ही लिपी कांद्यात, माणसात आणि जंतूत एकच आहे. माणसातलं वाक्य जंतूच्या पेशीत नीट नेऊन ठेवलं तर जंतू ते वाचतो आणि त्यातलं प्रथिन बनवतो.

नेऊन ठेवायचं कसं? जंतूंकडे विषाणूंचा डीएनए कापणारी प्रथिनं असतात, नेमकी ठरावीक अक्षरं दिसली की तिथेच कापणारी. तुकडे पुन्हा सांधणारी प्रथिनंही असतात. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी ही कात्री आणि हा डिंक वापरून जोडलेला डीएनए जंतूत घातला आणि तो तिथे टिकला. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. इन्सुलिन हे दोन जोडलेल्या माळांत मिळून फक्त ५१ मणी असलेलं छोटं प्रथिन आहे. पूर्वी ते कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढायचे, आणि काहींना त्याची ॲलर्जी व्हायची. १९७८ मध्ये माणसाचं इन्सुलिन जंतूकडून बनवून घेतलं गेलं आणि १९८२ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. आईच्या इन्सुलिनचा खोका बघा. तिथे बारीक अक्षरात 'आर-डीएनए ओरिजिन' असं काहीसं छापलेलं सापडेल. म्हणजे तुमच्या फ्रीजच्या दारात जनुकीय अभियांत्रिकी आधीच येऊन बसली आहे. लहान बाळांना देतात ती हिपॅटायटिस बीची लसही अशीच, फक्त ती यीस्टमध्ये बनते.

वनस्पतीत जनुक घालायची युक्ती माणसाने शोधली नाही, ती एका जंतूकडून उचलली. आपलं नाशिक एकेकाळचं गुलशनाबाद, आणि पॉलीहाऊसमधले गुलाब आजही आपल्याकडे आहेत. एका शेतकऱ्याने मला एकदा गुलाबाचं झाड मुळासकट आणून दाखवलं. बुंध्याशी, मातीला लागून, अक्रोडाएवढी खडबडीत गाठ. त्याला वाटलं सूत्रकृमी. कापून पाहिलं तर आत लाकडासारखी वेडीवाकडी वाढ. ही ॲग्रोबॅक्टेरियमची करामत. हा मातीतला जंतू जखमेतून शिरतो, आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सरकवतो आणि पेशींना भराभर वाढायला लावतो. शास्त्रज्ञांनी १९८३ च्या सुमारास त्या तुकड्यातली गाठ करणारी जनुकं काढली आणि त्याजागी हवं ते जनुक ठेवलं. वाहन जंतूचं, माल आपला. आपण एकादशीला खातो त्या रताळ्यातही याच जंतूच्या डीएनएचे तुकडे हजारो वर्षांपासून आहेत, हे २०१५ मध्ये उघड झालं. त्यामुळे काकांचा 'निसर्गाविरुद्ध' हा मुद्दा मला टिकणारा वाटत नाही. पण निसर्गात घडतं म्हणून ते चांगलंच, असंही नव्हे. गाठ आलेला तो गुलाब वाचला नाही.

आता बीटीकडे येते, कारण इथे माझं स्वतःचं दुखणं आहे.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतलाच एक जंतू. त्याचं प्रथिन ठरावीक अळ्यांच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात विरघळतं, आतड्याच्या पेशींवरच्या खास जागी चिकटतं आणि तिथे भोकं पाडतं. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि त्या खास जागाही नसतात. सेंद्रिय शेतीवाले याच जंतूची पावडर फवारतात. त्याचं जनुक कपाशीत घातलं आणि २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. माझं माहेर मालेगाव तालुक्यातलं. भावाच्या शेतात पहिल्या वर्षांत खरंच फरक पडला. हिरवी बोंडअळी हटली, फवारण्या घटल्या. तेव्हा मी त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, "आता बोंडअळीची काळजी सोड."

२०१७ च्या दिवाळीनंतर मी त्याच शेतात उभी होते. बोंडं बाहेरून छान, हिरवीगार, टपोरी. भावाने एक तोडलं आणि नखाने फोडलं. आतला कापूस ओला, पिवळसर, घट्ट चिकटलेला, आणि सरकीत डोकं खुपसून बसलेली गुलाबी अळी. दुसरं फोडलं, तेच. तो काही बोलला नाही, एकामागून एक बोंडं फोडत राहिला. डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुलं, त्याने आधीच पाहिल्या होत्या, पण बीटी आहे म्हणून दुर्लक्ष केलं होतं. त्या वर्षी निम्म्याहून जास्त कवडीच, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस निघाला.

हे का झालं, ते नीट समजून घ्या. बीटीच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याचं छोटं पाकीट यायचं, ४५० ग्रॅमबरोबर १२० ग्रॅम. ते शेताच्या कडेने लावायचं. तिथे साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग आणि विषाला न जुमानणारे थोडे पतंग यांचं मीलन व्हावं, म्हणजे पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडेल, हा हिशोब. कुणीही हे शेतकऱ्याला बांधावर बसून समजावलं नाही. ते पाकीट बहुतेकांनी बाजूला टाकलं. मी तरी भावाला कुठे सांगितलं होतं? त्यात आपल्याकडे कपाशी हायब्रीड. हायब्रीडच्या बोंडातली प्रत्येक सरकी सारखी नसते, काहींत विषाचं जनुक असतं, काहींत नसतं. अळीला विष थोडं-थोडं चाखून सरावायला याहून चांगली शाळा मिळणार नाही. बहुतेक देश बीटी कपाशी सरळ वाणात, म्हणजे हायब्रीड नसलेल्या वाणात घेतात. आपण हायब्रीडमध्ये घेतली, आणि हायब्रीडचं बी शेतकऱ्याला दरवर्षी नव्याने विकत घ्यावं लागतं. वर फरदड. शेवटच्या वेचणीनंतरही पाणी देऊन पीक मार्च-एप्रिलपर्यंत ठेवलं की गुलाबी अळीला बारमाही जेवण. जनुकाने आपलं काम केलं होतं. ज्या पद्धतीने ते शेतात उतरवलं, ती पद्धत चुकली, आणि तिची किंमत भरली शेतकऱ्याने.

म्हणून वांग्याबद्दलचं माझं मत ऐकून काकांना आणि माझ्या सहकाऱ्यांना, दोघांनाही थोडं खटकेल. बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दिला आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते स्थगित केलं. वांगं आपण थेट खातो, इन्सुलिनसारखं शुद्ध करून नाही. इन्सुलिन बनवणारा जंतू पोलादी टाकीत बंद असतो. वांग्याचे परागकण मात्र शेजारच्या वांग्यावर जातात, आणि भारत हे वांग्याच्या विविधतेचं घर आहे. चाचण्यांची बरीचशी माहिती बियाणं आणणाऱ्या कंपनीकडूनच आली होती, हा आक्षेप मला तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. विषाची मला भीती नाही. बांगलादेशात २०१४ पासून बीटी वांगं पिकतंय, आणि ते माझ्या ताटात आलं तर मी खाईन. पण तपासणी विकणाऱ्याच्या हाती नको, आणि स्थगितीच्या नावाखाली प्रश्न वर्षानुवर्षं तसाच पडून राहणंही नको. जीएम मोहरीचं तेच झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय परवानगी, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद.

आणि आपण हे खातच नाही, असंही नाही. सरकीचं तेल आणि सरकीची पेंड बीटी कपाशीचीच. त्या पेंडीवर आपल्या म्हशी दूध देतात. २०२१ मध्ये कुक्कुटपालनासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला सरकारने परवानगी दिली होती, तेव्हा आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना हायसं वाटलं आणि सोयाबीनवाले चिडले. परदेशातलं जीएम चालतं आणि इथलं नाही, हे त्या शेतकऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणखी एक विसंगती. टीएजी-२४ भुईमूग तुम्ही ऐकला असेल. भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाने बदल घडवलेल्या वाणांपासून तो तयार केला. किरणांनी डीएनएत कुठे-कुठे काय झालं ते कुणी मोजत बसलं नाही, दाणा चांगला निघाला आणि घेतला. डोळ्यात पाणी न आणणारा कांदा न्यूझीलंडमध्ये जनुक गप्प करून बनवला, जपानमध्ये किरणांचा मारा करून. कांदा तसाच, पण पहिल्याला जीएमचे सगळे नियम लागू होतात, दुसऱ्याला नाहीत. मी म्हणते, वाण कसा बनवला यापेक्षा त्यात काय बदललं, ते बघा.

क्रिस्पर आल्यापासून हा गुंता वाढला आहे. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिये यांनी २०१२ मध्ये दाखवलेली ही कात्री हवं ते अक्षर शोधून तिथेच कापते. २०२० मध्ये दोघींना नोबेल मिळालं. यात बाहेरचं जनुक उरतच नाही असं करता येतं. भारताने २०२२ मध्ये अशा वाणांना जीएमच्या कडक नियमांतून वगळलं आणि २०२५ मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीर झाले. नियम सैल झाले ते मला पटतं. पाकिटावर लिहायला मात्र काय हरकत आहे, ते अजून कुणी मला पटवून दिलेलं नाही.

बियाण्याच्या मालकीचा धागा इथेच जोडते. आपल्याकडे रोप आणि बियाणं यांवर पेटंट मिळत नाही, आणि २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला घरचं बी ठेवायचा, पेरायचा, वाटायचा हक्क दिला आहे. पण रॉयल्टी भरून परदेशी रंगीत द्राक्षवाण लावणारे तुमच्या ओळखीत असतीलच. ते वाण जीएम नाहीत. साधं संकर, आणि बी मरायच्या आत त्यातला भ्रूण सुईने काढून बाटलीत वाढवणं. हे काम मी हाताने केलं आहे, मोहरीहून लहान भ्रूण असतो. म्हणजे 'मालक कोण' हा प्रश्न जीएमच्या आधीच आपल्या बागेत आलेला आहे.

आता माणसाकडे. इथे मी सगळ्यात जास्त सावध आहे.

आपल्याच जिल्ह्यात सुरगाणा, पेठकडच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण सापडतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं असतं, ए च्या जागी टी. तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मुलं हाडांच्या कळांनी तळमळतात. आई-वडील दोघांकडून हे जनुक आलं तर आजार. एकाकडूनच आलं तर माणूस बहुधा ठणठणीत राहतो, उलट मलेरियापासून त्याला संरक्षण मिळतं. म्हणूनच मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक टिकून राहिलं. जे जनुक आपण सरसकट वाईट म्हणून पुसायला निघू, त्याने कुणाच्या तरी पूर्वजांना जगवलेलं असतं.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्परवर आधारलेल्या सिकलसेल उपचाराला मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या पेशी बाहेर काढतात, गर्भात असताना चालू असलेलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होईल अशी दुरुस्ती करतात, जुन्या पेशी केमोथेरपीने नष्ट करतात आणि नव्या परत देतात. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या पुढे. सुरगाण्याच्या मुलासाठी हा उपचार आज असून नसल्यासारखा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून रक्ताच्या काही कर्करोगांवरची कार-टी उपचारपद्धती २०२३ मध्ये भारतात मंजूर झाली, तीही परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या भागात. यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींना कर्करोगाच्या पेशी ओळखायला लावतात. हेही पेशीतलं जनुक बदलणंच. किंमत खाली आणता येते, कुणीतरी मनावर घ्यावं लागतं. घाईचं मात्र काम नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा जनुक उपचाराच्या चाचणीत दगावला आणि हे सगळं क्षेत्र कित्येक वर्षं मागे गेलं.

वरचे दोन्ही बदल रुग्णापुरते आहेत, त्याच्या मुलांत जात नाहीत. गर्भाच्या अगदी पहिल्या पेशीत बदल केला तर तो पिढ्यानपिढ्या जातो. २०१८ मध्ये चीनमधल्या 'हे जियानकुई' नावाच्या शास्त्रज्ञाने जुळ्या मुलींत असंच केलं आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. भारतात याला मनाई आहे, आणि ती तशीच राहावी असं मला मनापासून वाटतं. दूरच्या कल्पनेला मी घाबरत नाही, आपल्या घरातला अनुभव सांगते. गर्भजल तपासणी आणि सोनोग्राफी आजार ओळखायला आल्या, आणि आपण त्या मुली मारायला वापरल्या. १९८८ मध्ये महाराष्ट्राला देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा करावा लागला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. ज्या समाजाने हे केलं, त्याच्या हाती गोरा रंग, उंची, हुशारी निवडायची सोय दिली तर काय होईल, हे मला कुणी वेगळं सांगायला नको.

मुलीला घेऊ द्या हा विषय. फक्त दोन गोष्टी आधी बोलून ठेवा. नुसत्या बी.एस्सी.वर पगार फार नाही, एम.एस्सी.पर्यंत जायची तयारी हवी. आणि संख्याशास्त्र, संगणक यांचा कंटाळा करून चालणार नाही, कारण आता निम्मं काम तिथेच असतं. प्रवेशाआधी एकदा तिला आणि काकांना घेऊन प्रयोगशाळेत या. येताना घरचा एक कांदा आणा, काकांनाच तो चिरायला देऊ.